गोविंदपंत बुंदेले : धान्याचा हिशेब आणि राज्याचा पाया

पानिपतचे नाव निघताच सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आणि इब्राहिमखान गारदी हे वीर डोळ्यांसमोर उभे राहतात. गोविंदपंत बुंदेले यांचे स्मरण मात्र होते ते रसदेच्या संदर्भात. रसद म्हणजे कोणीतरी नांगरलेले, पेरलेले आणि मळलेले धान्य. त्या धान्याचा आणि ते पिकवणाऱ्या हातांचा विचार केल्यावाचून या कर्तबगार पुरुषाचे चरित्र पुरे होत नाही.

त्यांचे मूळ नाव गोविंद बल्लाळ खेर. रत्नागिरी परिसरातील नेवरे हे त्यांचे गाव आणि कुलकर्णीपण हा घराण्याचा व्यवसाय. कुलकर्ण्याचे दफ्तर म्हणजे गावच्या शेतीचा आरसाच असे. कोणाकडे किती जमीन, कोणती लागवडीखाली, कोणती पडीक, वसूल किती आणि बाकी किती, हे सारे त्यात नोंदलेले असे. तलवारीपूर्वी जमाखर्च कळलेला हा तरुण पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या चाकरीत शिरला आणि आपल्या हुशारीने पुढे आला.

१७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या वृद्ध छत्रसाल राजांना बाजीरावांनी सोडवले. त्या उपकाराचे स्मरण ठेवून छत्रसालांनी आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांना दिला. १७३१ मध्ये छत्रसाल निवर्तले आणि पुढे या मुलखाची व्यवस्था गोविंदपंतांकडे आली. सागरच्या विस्तीर्ण तलावाकाठी त्यांनी आपले ठाणे वसवले. नेवऱ्याचे खेर बुंदेलखंडाशी असे एकरूप झाले की लोक त्यांना बुंदेले या नावानेच ओळखू लागले.

हा मुलूख कसा होता, हे झाशीच्या ईशान्येस बेतवेच्या काठी वसलेल्या एरचवरून कळते. आज लहान दिसणारे हे गाव अकबराच्या काळात आग्रा सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. भक्त प्रल्हाद आणि होलिका यांची कथा बुंदेलखंडातील लोक याच गावाशी जोडतात. होळीचा सण येतो तो रब्बीचे पीक तयार होण्याच्या दिवसांत. मराठी शेतकरी ज्याला हरभऱ्याचा हुळा म्हणतो, तोच तिकडे होरा या नावाने भाजला जातो. दोन्ही मुलखांतील शेतकऱ्यांचा आनंद असा एकाच धान्यात सापडतो.

बुंदेलखंडाची जमीन दिलदार आहे, तशीच लहरीही आहे. ‘मार’ आणि ‘काबर’ या तिथल्या काळ्या जमिनी. पावसाळ्यात त्यांत पाय रुततो आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ‘परुआ’ ही हलकी जमीन आणि ‘राकड’ ही नदीनाल्यांच्या उतारांवरची खडकाळ. खरिपात ज्वारी, तीळ व कोदो आणि रब्बीत हरभरा व गहू हा तिथला पीकक्रम. या शेतीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कांस नावाचे गवत. शेत एकदोन वर्षे नांगरावाचून राहिले की हे गवत माजते. त्याच्या मुळ्या इतक्या खोल जातात की साध्या नांगराला ती जमीन कित्येक वर्षे दाद देत नाही.

म्हणून या मुलखात नांगर धरणारा माणूस हीच खरी संपत्ती होती. महाराष्ट्रातील सालगड्याप्रमाणे तिकडे ‘हरवाहा’ सालाने राबे. निंदणी-कापणीला बायाबापड्या उतरत आणि मजुरी बहुधा धान्याच्या रूपाने पदरात पडे. फौजेची धाड आली, पाऊस चुकला किंवा वसुलाचा जुलूम झाला की हे लोक गाव सोडीत. ते गेले की मागे कांस उभे राही आणि सरकारी खजिन्यातील ती जमा कित्येक वर्षे बुडे. मराठी मुलकी कारभारात उजाड गाव पुन्हा वसवण्यासाठी कौल देणे, बैलबियाण्यासाठी तगाई देणे आणि पडीक जमिनीवर पहिली काही वर्षे हलका सारा घेऊन तो क्रमाने वाढवणे, या पद्धती रूढ होत्या. त्यांच्यामागे दयाबुद्धीइतकाच हा रोकडा हिशेब होता.

गोविंदपंतांच्या आयुष्यातील ओढाताण येथेच दिसते. पुढे इटाव्याकडील दुआबाचा मुलूखही त्यांच्या हाती आला. पुण्याच्या स्वाऱ्यांचा खर्च वाढत होता आणि उत्तरेकडील वसुलाची निकड त्यांच्यावर येत होती. एकीकडे दरबाराचा तगादा आणि दुसरीकडे पावसावर अवलंबून असलेले शेत, अशा कात्रीत हा कारभारी सापडला. त्यांच्या हिशेबांविषयी शंका घेतल्या गेल्या. १७६० मध्ये उत्तरेत उतरलेल्या भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पैसा, धान्य आणि यमुना ओलांडण्यासाठी नावा यांची वारंवार मागणी केली. मात्र दुआबातील जमीनदार बिथरले होते आणि वसूल येत नव्हता.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला, तेव्हा तेथे धान्याचा मोठा साठा हाती लागला. तथापि लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे असलेल्या त्या अफाट छावणीला तो किती दिवस पुरणार? अब्दाली यमुना उतरून आला आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट अडली. आता प्रश्न एवढाच उरला की कोणाची चूल आधी विझते. अब्दालीला दुआबातून धान्य मिळत होते. ते तोडण्याचे काम वयस्क गोविंदपंतांनी अंगावर घेतले आणि अब्दालीच्या छावणीत महागाई जाणवू लागली. तेव्हा अताईखानाने दुआबात धाव घेतली. डिसेंबर १७६० मध्ये गाफील असताना पंतांवर छापा पडला आणि ते मारले गेले. त्यानंतर मराठ्यांची उपासमार दिवसेंदिवस वाढत गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, उपाशीपोटी राहिलेली फौज अखेरच्या झुंजीसाठी बाहेर पडली.

पंतांच्या मागे बाळाजी आणि गंगाधर या पुत्रांनी सागर व काल्पीकडील कारभार सांभाळला. पुढे १८१८ मध्ये सागर आणि १८४० मध्ये जालौन इंग्रजांच्या ताब्यात गेले. राज्ये आली आणि गेली. बेतवेच्या काठावरचा हरवाहा मात्र दरवर्षी कांसाशी झुंजत राहिला, आणि प्रत्येक नव्या राज्याने त्याच्याच खळ्यावरून आपला वाटा उचलला.

गोविंदपंतांची कीर्ती बखरींत आणि कागदपत्रांत नोंदली गेली. ज्यांच्या धान्यावर त्यांचा मुलूख, पुण्याचा खजिना आणि पानिपतची फौज उभी होती, त्यांची नावे बहुतांशी विस्मृतीत गेली. पंतांना वंदन करताना त्या अनाम नांगऱ्यांना, निंदणी करणाऱ्या बायांना आणि खळ्यावर राबणाऱ्या मजुरांनाही हात जोडणे हे इतिहास शिकलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. ताटातील भाकरीमागे आजही त्यांच्याच वारसांचे कष्ट उभे आहेत.