बाळू पालवणकर : कप्तानपदाची वाट पाहिलेला गोलंदाज

गणेशोत्सवात मुलांच्या स्पर्धा सुरू झाल्या की एक वाद दरवर्षी ठरलेला असतो. अमक्याला का घेतले, आमच्या मुलाला का बसवले! रेल्वे कॉलनीतल्या मुलांच्या बास्केटबॉल सामन्यांत तर हे हमखास घडते. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, हे नियमाच्या पुस्तकात लिहिलेले आहे आणि पंचाची शिट्टी सगळ्यांना सारखीच वाजते. पण पाच जण मैदानात उतरणार, तेव्हा बाकावर कोण बसणार आणि कप्तान कोण होणार, हे कुठल्याच पुस्तकात नसते. ते आपण मोठी माणसे ठरवतो. या विषयावर यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहायचे मनात आले तेव्हा पहिले नाव आठवले ते बाळू पालवणकर यांचे. खेळ क्रिकेटचा आहे, काळही शंभर वर्षांपूर्वीचा आहे, पण प्रश्न तोच आहे.

दुसरे कारण जवळचे. बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडचा, म्हणजे आपल्या कर्नाटकातला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, जात चांभार. वडील सैन्यात नोकरीला होते, त्यामुळे बालपण पुण्याच्या लष्करी वातावरणात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही क्रिकेटमध्ये आले. एका घरातले चार भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले, हे आजही सहसा घडत नाही.

पहिली नोकरी पुण्याच्या पारशी क्लबात मिळाली. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची, वेळप्रसंगी टेनिस कोर्टाच्या रेषाही मारायच्या. रुळांवर काम करणाऱ्या गँगमनला जसा आपल्या मैलातला प्रत्येक स्लीपर ठाऊक असतो, तशी खेळपट्टी बाळूंना माहीत झाली असणार, असे मला आपले वाटते. एका साहेबाने त्यांना सरावासाठी चेंडू टाकायला लावले आणि डावखुऱ्या हाताची ती फिरकी सगळ्यांच्या नजरेत भरली. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामवंत फलंदाज. आपल्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देत असे, असे सांगतात. बाळूंनी तासन् तास गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. ते काम साहेबांचे!

पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि हरवू शकेल असा गोलंदाज तर गावातच होता. तरी त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. क्लबातले तेलुगू सभासद घ्या म्हणत होते आणि विरोध होता तो आपल्याच मराठी मंडळींचा. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण ते खरे आहे. बाळूंना वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेगने वर्तमानपत्रातून सुनावले आणि अखेर बाळूंना बोलावणे आले.

मग एक विचित्र व्यवस्था सुरू झाली. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत, त्याच्या गोलंदाजीवर झेल घेत, तो जिंकून देई तेव्हा आनंदाने नाचत. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे आत आणि बाळू बाहेर, हातात मातीचे वेगळे भांडे. जेवणाची पंगत वेगळी. तोंड धुवायला पाणी हवे तर तेही त्यांच्याच जातीच्या नोकराने आणून द्यायचे. क्रिकेटच्या कायद्यात यातले एकही कलम नव्हते. सीमारेषेच्या आत एक कायदा आणि एक पाऊल बाहेर टाकले की दुसरा.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना पुढे गाजला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला होता म्हणतात. तरीही बाळूंनी सात बळी घेतले. पुण्यात सत्कार झाला तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी खेळाडूंचे कान उपटले. बरोबर खेळायला चालते, तर बरोबर जेवायला का चालू नये, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

1896 च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले. तिथे त्यांना नोकरी मिळाली ती रेल्वेत! आपल्या वाचकांपैकी निम्मे तरी रेल्वेवाले असल्याने हे मुद्दाम सांगतो. रेल्वेच्या संघातून आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. जिमखान्यातही आधी कुरकुर झालीच. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. सामना बाँबे जिमखान्याच्या मैदानावर झाला. तिथल्या पॅव्हेलियनमध्ये हिंदी माणसाला प्रवेशच नव्हता, आपले खेळाडू तंबूत बसत. आपल्याला तंबूत बसवले याचा राग असणाऱ्यांनी आपल्यातल्याच एकाला तंबूबाहेर बसवायचे, ही विसंगती तेव्हाच्या काही सुधारकांच्या लक्षात आली आणि त्यांनी तसे लिहिलेही. हळूहळू पंगतीतला भेद सैल होत गेला.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. दौरा एकंदरीत पराभवाचाच ठरला, पण बाळूंनी त्यात 114 बळी घेतले. वय पस्तीस, आणि साहेबाच्या मायदेशातल्या खेळपट्टीवर! परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. प्रथम श्रेणीच्या अवघ्या 33 सामन्यांत त्यांच्या नावावर 179 बळी आहेत, सरासरी साधारण पंधरा धावांची. आपल्या देशाचा पहिला कसोटी सामना 1932 चा, त्यामुळे कसोटीच्या यादीत हे नाव सापडत नाही.

आता मुख्य मुद्दा. एवढा गोलंदाज, एवढा अनुभव, मग कप्तान का नाही? मागणी वर्षानुवर्षे होत राहिली आणि निवड समिती दर वेळी दुसऱ्याला नेमत राहिली. 1913 मध्ये कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले. मला या पैंचे फार कौतुक वाटते. माळ आपल्या गळ्यात पडत असताना असे बोलणे सोपे नसते. 1920 साली पहिल्या सामन्याला पै नव्हते. समितीने बाळूंना वगळले आणि विठ्ठलला डावलून दि. ब. देवधरांना कप्तान केले. देवधर थोरच, दोष त्यांचा नव्हे. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. गवगवा झाला. अंतिम सामन्याला पै परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळूंना उपकप्तान करण्यात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंकडे आली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, तीही काही वेळापुरती!

विठ्ठल 1923 साली कप्तान झाला आणि त्या वर्षीची स्पर्धा हिंदू संघाने जिंकली. भावाने रेटून धरले नसते तर तेही झाले असते की नाही, कोण जाणे.

पुढचे आयुष्य राजकारणात गेले. 1932 च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे मुंबईत थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. एके काळी दलित तरुणांचा अभिमान असलेला हा माणूस बाबासाहेबांसमोर का उभा राहिला, यावर मते वेगळी असू शकतात. मला ती लढत चुकीची वाटते, पण म्हणून मैदानावरचा बाळू लहान होत नाही.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला कसोटीपटू आले होते, दलित पुढारीही आले होते. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. धाकट्या विठ्ठलने मात्र ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र 1948 साली मराठीत लिहिले. कुणाला एखाद्या जुन्या वाचनालयात त्याची प्रत मिळाली, तर मंडळाच्या कपाटासाठी अवश्य कळवावे.