राजवैद्य यान इंगेनहाउस आणि पानांची प्रकाशभूक

हॉलंडमधील ब्रेडा या गावी ८ डिसेंबर १७३० रोजी यान इंगेनहाउस यांचा जन्म झाला. वैद्यकाचे अध्ययन पुरे करून त्यांनी काही वर्षे जन्मगावीच वैद्यकी केली. वडिलांच्या निधनानंतर ते लंडनला गेले आणि तेथे देवी टोचण्याच्या कामात निष्णात झाले. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसास टोचून सौम्य देवी आणावयाच्या, म्हणजे पुढे जन्मभर भय नाही, अशी ती जुनी रीत होती. जेन्नर यांची सुरक्षित लस १७९६ साली आली. तोपर्यंत टोचलेला मनुष्य क्वचित दगावतही असे. अशा काळात, १७६८ मध्ये, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या मुलांना टोचण्यासाठी त्यांना व्हिएन्नास पाठविण्यात आले. त्या राजकुलातील अनेकांना देवीने ओढून नेले होते. टोचणी यशस्वी झाली, ते राजवैद्य झाले आणि चांगले वार्षिक वेतन बांधून मिळाले. त्या वेतनानेच पुढे विज्ञानाची सेवा घडली, असे आम्हांस वाटते.

वनस्पतींकडे ते वळले ते एका कोड्यामुळे. १७७१ साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती जळून दूषित झालेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. वनस्पती हवा शुद्ध करते, हे दिसले. परंतु तोच प्रयोग पुन्हा करावा तर कधी साधे, कधी फसे. असे का व्हावे, हे कोणासच उमगेना.

१७७९ च्या उन्हाळ्यात इंगेनहाउस यांनी लंडनबाहेर साउथॉल येथे एक घर भाड्याने घेतले आणि तीन महिन्यांच्या आत पाचशेंहून अधिक प्रयोग केले. पाण्यात बुडविलेली हिरवी पाने उन्हात ठेवली की त्यांवर बुडबुडे धरत. सावलीत ते मंदावत आणि अंधारात थांबत. हे बुडबुडे आपण ज्याला प्राणवायू म्हणतो त्याचेच. मग शंका आली, हे काम उन्हाच्या प्रकाशाचे की उबेचे? त्यांनी काही पाने पाण्यासह विस्तवाजवळ ठेवून बेताची ऊब दिली. हवा निघाली, पण ती दूषित! ऊब होती, प्रकाश नव्हता. आम्ही कला शाखेचे पदवीधर. तरीही या एका प्रयोगाचा नेटकेपणा आम्हांला मोहवितो. मुळे, फुले व फळे मात्र दिवसाही हवा सुधारीत नाहीत, हे काम हिरव्या भागांचेच, हेही त्यांनी पाहिले. प्रीस्टलींचे प्रयोग कधी का फसत, याचे उत्तर बहुधा खिडकीतून येणाऱ्या उजेडात होते.

त्याच वर्षी त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रात्री वनस्पती हवा बिघडवितात, हे त्यांनी बरोबर ओळखले. मात्र झोपण्याच्या खोलीतील झाडांचे भय त्यांनी वाजवीपेक्षा फार वाढविले. चार कुंड्यांनी बिघडते ती हवा अगदीच थोडी. शोधाच्या श्रेयावरून प्रीस्टलींशी वादही झाला, तो येथे विस्ताराने सांगण्याजोगा नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या दृष्टीसमोर असूनही पुरती उलगडली नाही. उकळलेल्या पाण्यात पाने ठेवली तर भर उन्हातही बुडबुडे जवळजवळ येत नसत. जिनीव्हाच्या सेनेबिए यांनी १७८२ मध्ये उलगडा केला: पाण्यात विरघळलेला कर्बवायू उकळण्याने निघून जातो आणि त्यावाचून पान काम करू शकत नाही. म्हणजे नुसता प्रकाश पुरेसा नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी १९०५ साली यास नियमाचे रूप दिले. प्रकाश, कर्बवायू, उष्णमान यांपैकी ज्याची उणीव अधिक, तोच प्रकाशसंश्लेषणाचा वेग ठरवितो. इतर कितीही वाढवा, उपयोग नाही. एक बैल मंद असला तर गाडी त्याच्याच चालीने जाते, तसेच हे. आमच्या गोव्यात सरदीच्या भाताला पाण्याची वाण नसते, पण ढग प्रकाश अडवितात. वायंगणाला प्रकाश भरपूर, तेथे पाण्याचीच चिंता. पाणी तुटले की पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटतात आणि हवेतील कर्बवायू आत येणेच खुंटते; तो हवेत मुळात दहा हजार भागांत सुमारे चारच भाग असतो.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. वनस्पतीच्या देहातील कर्ब मातीतून नव्हे, तर हवेतील कर्बवायूतून येतो, असे इंगेनहाउस यांनी १७९६ च्या निबंधात मांडले. उतारवयात ते इंग्लंडात राहिले. व्हिएन्नास परत जाणे झाले नाही. ७ सप्टेंबर १७९९ रोजी विल्टशरमधील बोवुड या लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या वाड्यात त्यांचे देहावसान झाले. पंचवीस वर्षांपूर्वी, १७७४ मध्ये, याच वाड्यातील प्रयोगशाळेत प्रीस्टली यांना प्राणवायू सापडला होता.