माझगावचे काका

मतदारसंघांच्या सरकारी यादीत महाराष्ट्र आमच्यापासून सुरू होतो. लोकसभेचा पहिला क्रमांक नंदुरबार, विधानसभेचा पहिला क्रमांक अक्कलकुवा. आमच्या जिल्ह्याला पहिला नंबर एवढ्याच यादीत मिळतो, असे आम्ही थट्टेने म्हणतो. नवापूरच्या बाजूला बँकेच्या शाखेत होतो, तेव्हा निवडणुका आल्या की एक प्रश्न हमखास कानावर येई. यंदा चर्चची मते कुठे जाणार? विचारणारा कोणत्याही पक्षाचा असो, प्रश्न तोच. विसाव्या शतकाच्या आरंभी या भागात मिशनरी आले, मावची आणि भिल्ल कुटुंबांपैकी काही ख्रिस्ती झाली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची मते लोक अशी गोणीने मोजत. एकदा पेन्शन घ्यायला आलेल्या एका वृद्ध ख्रिस्ती गुरुजींनी हा प्रश्न ऐकला. त्यांनी आपले पासबुक काउंटरवर ठेवले आणि मला एवढेच विचारले, की हे खाते चर्चच्या नावावर आहे की माझ्या? मी हसलो, पण प्रश्न विचारणारा कार्यकर्ता हसला नाही.

गुरुजींची आठवण आली की मला हटकून काका बॅप्टिस्टा आठवतात. जोसेफ बॅप्टिस्टा हे नाव आज किती घरांत ठाऊक असेल, शंकाच आहे. शाळेच्या इतिहासात होमरूल लीगच्या धड्यात ते एका ओळीपुरते येतात आणि परीक्षेत लोकमान्य टिळक व अॅनी बेझंट लिहिले की भागते. पण टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष टिळक नव्हते. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला ती स्थापन झाली, तेव्हा चिटणीस न. चिं. केळकर झाले आणि अध्यक्षपदी बसले माझगावचे हे कॅथलिक बॅरिस्टर.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ चा, मुंबईच्या माझगावातल्या माथारपाखाडीचा. वडील भाईंदरजवळच्या उत्तनचे. साष्टी, वसई, मुंबईच्या किनाऱ्यावरचा हा समाज. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाला, पण भाषा मराठीच राहिली, लग्नातली गाणीही मराठीच. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या मंडळींनी स्वतःला ईस्ट इंडियन असे नाव घेतले. गोव्याहून मुंबईला नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारला कळावे हा त्यातला हेतू होता. कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांवर चालणारी घरे होती ती. सरकारशी वाकडे घेणे म्हणजे चूल विझवणे. मी स्वतः नोकरदाराच्या घरातला, त्यामुळे त्या सावधपणाला नावे ठेवण्याची माझी हिंमत नाही.

अशा समाजातला मुलगा पुण्यात शिकला, केंब्रिजला गेला, बॅरिस्टर होऊन परतला. आयर्लंडची होमरूलची चळवळ त्याच्या मनात चांगलीच मुरली होती. आयरिश लोक कॅथलिक होते आणि राज्य इंग्रजांचे होते. धर्माने ख्रिस्ती असणे आणि इंग्रजांचे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे माझगावच्या तरुणाला त्या बेटाने उदाहरणासकट दाखवले असणार, असा माझा कयास आहे.

आता खरी अडचण पाहा. हा माणूस ज्यांच्या मागे उभा राहिला, ते टिळक. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळकांवर ग्रामण्य झाले आणि त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतात, म्हणून केसरीने कठोर हल्ला चढवला. गणेशोत्सव, शिवजयंती ही त्यांच्या राजकारणाची साधने. एखाद्या ख्रिस्ती माणसाला दूर राहायला एवढे पुरेसे होते. बॅप्टिस्टा दूर राहिले नाहीत. त्यांनी धर्म सोडला नाही, झाकलाही नाही. टिळकांशी मिशनऱ्यांबद्दल जुळत नसेल, पण राज्य कोणाचे असावे या प्रश्नावर जुळते, आणि मत त्या प्रश्नावर द्यायचे आहे, असा हिशेब त्यांनी मांडलेला दिसतो. मला तो सोपा वाटत नाही. टिळकांच्या त्या लिखाणाचे काय, असे घरच्यांनी विचारले असेल तर काय उत्तर द्यायचे?

१९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. सरकार पक्षाने विशेष ज्युरी मागितली, म्हणजे बहुतेक युरोपियन. लेख मराठीतले आणि न्याय करणारे मराठी न जाणणारे! बॅप्टिस्टांनी कोर्टात या मागणीला विरोध केला, तो टिकला नाही. नऊ ज्युरर बसले, सात युरोपियन आणि दोन पारशी. पुढचे भाषण टिळकांनी स्वतः केले, बॅप्टिस्टा मदतीला होते. सात विरुद्ध दोन अशा मतांनी टिळक दोषी ठरले आणि मंडालेला गेले. दोन वर्षांनी सावरकरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांतही बॅप्टिस्टांचे नाव आहे. कोणता ख्रिस्ती मतदार यावर खूश होणार होता? तरी मुंबई महानगरपालिकेत ते १९०१ पासून अनेक वर्षे निवडून येत राहिले. मतदार मूठभर, कर भरणारे. गल्लीतला नळ आणि गटार यांची तक्रार ऐकणारा माणूस त्यांना हवा होता, आणि तो त्यांना मिळाला होता. काका ही पदवी अशाच माणसाला मिळते.

टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला. त्याच वर्षाच्या जानेवारीत अरविंद घोषांनी पाँडिचेरीहून बॅप्टिस्टांना पत्र पाठवले होते. नव्या पक्षाच्या इंग्रजी दैनिकाचे संपादक व्हा, ही विनंती त्यांनी त्यात सविस्तर कारणे देऊन नाकारली. टिळकांच्या मागे पक्ष फुटत गेला. कायदेमंडळांवर बहिष्काराचा गांधीजींचा मार्ग बॅप्टिस्टांना पटला नाही. मिळालेले मत वापरावे, टाकून देऊ नये, या बाजूचे ते. इथे मी त्यांच्याशी सहमत आहे, जरी आमच्या घरात त्या काळी सगळे खादीवाले होते.

मग ते कामगारांकडे वळले, खरे तर आधीच वळले होते. १९२० च्या ऑक्टोबरात मुंबईत आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष आणि बॅप्टिस्टा उपाध्यक्ष. १९२१ साली झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १९२४ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. या गिरणीवाल्यांतल्या, गोदीवाल्यांतल्या फार थोड्यांना मत होते. मत नसलेल्यांसाठी राबणारा पुढारी, हा हिशेब आमच्या नवापूरच्या कार्यकर्त्याला समजला नसता. १९२५ साली ते महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. आज याद्यांत महापौर म्हणतात, त्या वेळी पदाचे नाव अध्यक्ष असे होते.

१८ सप्टेंबर १९३० ला ते गेले. दोनच वर्षांनी जातीय निवाडा आला आणि १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ३ हिंदी ख्रिस्ती लोकांच्या झाल्या. त्या जागांवर ख्रिस्ती मतदारांनीच ख्रिस्ती उमेदवार निवडायचा. खाते समाजाच्या नावावर! ते बंद झाले स्वातंत्र्यानंतर. संविधान सभेच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी स्वतः बंगाली ख्रिस्ती होते, आणि धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूने ते ठामपणे बोलले. १९४९ मध्ये त्या जागा गेल्या. नवापूरच्या गुरुजींचे मत त्यांच्या एकट्याच्या नावावर आले ते त्यामुळे. ते कोणाला देत, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. मीही विचारले नाही, खातेदाराची माहिती म्हणून.

माझगावच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. मुलीकडे मुंबईला गेलो की एकदा तरी जातो. तिथून गोदी दिसते, क्रेन दिसतात. गेल्या खेपेला बाकावर बसलेल्या दोघा पेन्शनरांना मी हे बॅप्टिस्टा कोण म्हणून विचारले. एकाने सांगितले, कोणीतरी फादर असावेत.