विश्लेषण : ‘शेवटची नोंद’ संगणकाला कशी कळते?

समजा, अंबड तालुक्यातल्या एका गटावर तीन फेरफार आहेत : वारसाचा, बँकेच्या बोजाचा आणि खरेदीचा. पहिले दोन मंजूर आहेत, तिसरा मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित करायचा आहे. कागदी वहीत शेवटचे पान उघडले की झाले. डेटाबेसमध्ये मात्र शेवटचे पान नसतेच. ही मांडणी एडगर कॉड यांची.

कोण होते कॉड?

१९२३ मध्ये इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावर जन्म. ऑक्सफर्डमध्ये गणिताचे शिक्षण, महायुद्धात हवाई दलात वैमानिक, १९४८ मध्ये अमेरिकेत येऊन आयबीएममध्ये नोकरी. सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेला वैतागून १९५३ मध्ये ते कॅनडाला निघून गेले, काही वर्षांनी परतले.

तेव्हा नोंद कुठे साठवली आहे, तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने जायचे, हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे. साठवण बदलली की प्रोग्राम मोडे. कॉड यांनी १९७०च्या शोधनिबंधात सुचवले : माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, ओळींच्या क्रमाला अर्थ देऊ नका, नोंद ओळखा ती फक्त तिच्यातल्या मूल्यांवरून. आयबीएमचे जुन्या पद्धतीचे उत्पादन जोरात चालले होते. घरच्याच माणसाची कल्पना कंपनीने रखडवली. कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग क्वेरी कशी लिहायची?

क्रमच नाही म्हटल्यावर ‘शेवटची’ कशावरून, हे आपणच सांगायचे. अनेकजण आधी सर्वात नवी तारीख काढतात, मग ती पुन्हा तक्त्याशी जुळवतात आणि त्यानंतर बदल करतात. क्वेरी लांबते, शिवाय एकाच तारखेचे दोन फेरफार असले तर दोन्ही बदलतात. सोपी वाट क्रमांकाची. त्या गावातल्या त्या गटाचा सर्वात मोठा फेरफार क्रमांक आतल्या क्वेरीत काढा आणि तेवढीच ओळ बदला. गावाची अट मात्र बाहेरही हवी. क्रमांक गावागणिक वेगळे चालतात. ती विसरली तर शेजारच्या गावातला त्याच क्रमांकाचा, कदाचित वादातला, फेरफारही प्रमाणित होऊन बसेल.

अशा क्वेरी ज्या एसक्यूएल भाषेत लिहितात, ती कॉड यांची नव्हे. आयबीएममधल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांची. तिच्यावर कॉड नाराजच होते. तिच्यात हुबेहूब सारख्या दोन ओळी चालतात, मग कोणती कोणती हे सांगणार कसे, हा त्यांचा आक्षेप. १९८५ मध्ये त्यांनी खऱ्या डेटाबेससाठी १२ नियम मांडले (मोजले तर १३, कारण सुरुवात शून्यापासून). २००३ मध्ये फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.