बाळंतिणींना कळलं होतं, डॉक्टरांना नाही... हात धुवायला लावणाऱ्या डॉ. सेमेलवाइस यांची गोष्ट

बाळ बघायला गेलात की दारातच घरातली आजी सांगते, आधी हातपाय धुवून या, मग बाळाला घ्या. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही.

पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी हेच दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांची नोकरी गेली आणि त्यांची टिंगल झाली. शेवट तर वेड्यांच्या इस्पितळात झाला.

त्यांचं नाव इग्नाझ सेमेलवाइस. जन्म १ जुलै १८१८ चा, हंगेरीतल्या बुडा शहरातला. (बुडा आणि पेस्ट ही शहरं पुढं एक झाली आणि आजचं बुडापेस्ट तयार झालं.) वडील किराणा मालाचे व्यापारी, घरात दहा भावंडं. पोरानं वकील व्हावं म्हणून १८३७ साली त्यांना व्हिएन्नाला पाठवलं, पण तिथं त्यांचं मन डॉक्टरकीत रमलं. १८४४ साली ते डॉक्टर झाले आणि १८४६ च्या जुलैमध्ये व्हिएन्ना जनरल हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात सहायक म्हणून रुजू झाले.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

दोन वॉर्ड, एकच दवाखाना

या दवाखान्यात बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि डॉक्टरकीचे विद्यार्थी बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात सुईणी आणि सुईणपण शिकणाऱ्या बायका. एक दिवस पहिल्या वॉर्डात भरती, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वॉर्डात, असा नियम होता.

येणाऱ्या बायका बहुतेक गरीब, त्यातही अनेक जणी लग्नाआधी दिवस गेलेल्या. उपचार फुकट होते. बदल्यात विद्यार्थी त्यांच्यावर शिकणार हे ठरलेलं.

आता आकडे बघा. १८४६ साली पहिल्या वॉर्डात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका दगावल्या. म्हणजे साधारण नऊ बाळंतिणींमागे एक. दुसऱ्या वॉर्डात ३,७५४ बाळंतपणांत १०५ मृत्यू झाले, म्हणजे शंभरात तिघीही नाहीत.

मृत्यूचं कारण होतं बाळंतज्वर. बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत सणकून ताप यायचा, पोट फुगायचं, असह्य वेदना व्हायच्या आणि काही दिवसांत सगळं संपायचं. कित्येकदा आईपाठोपाठ बाळही जायचं.

ही गोष्ट गावभर माहीत होती. आपल्या वाट्याला पहिला वॉर्ड आलाय हे कळलं की बायका गुडघे टेकून, हात जोडून विनवण्या करायच्या, आम्हाला तिथं नेऊ नका म्हणून. काही जणी मुद्दाम उशीर करून वाटेतच बाळंत व्हायच्या आणि मग दवाखान्यात यायच्या. गंमत म्हणजे रस्त्यात बाळंत झालेल्या या बायका पहिल्या वॉर्डातल्या बायकांपेक्षा कमी मरत होत्या.

बायकांचं हे भय म्हणजे अडाणीपणा, असं समजून मोठे डॉक्टर सोडून देत होते. सेमेलवाइस यांनी मात्र ते मनावर घेतलं. या बायका उगाच घाबरत नाहीत, आकडेही तेच सांगतायत, हे त्यांना दिसत होतं.

एकेक कारण खोडत गेले

त्या काळी रोगजंतू ही कल्पनाच रुळलेली नव्हती. दूषित हवेमुळं रोग होतो असं बहुतेक डॉक्टर मानायचे. पण दोन्ही वॉर्ड शेजारी-शेजारी होते, मग हवा वेगळी कशी असेल?

गर्दीमुळं होत असेल म्हणावं, तर गर्दी दुसऱ्या वॉर्डात जास्त. बाळंतपणावेळी झोपायची पद्धत वेगळी होती, तर तीही बदलून पाहिली. फरक शून्य.

मरणाऱ्या बाईसाठी धर्मगुरू घंटा वाजवत पहिल्या वॉर्डातून जायचे. त्या आवाजानं बाकीच्या बायका धसका घेत असतील म्हणून त्यांचा रस्ता बदलला, घंटा बंद केली. तरी मृत्यू थांबेनात.

मित्र गेला आणि कोडं सुटलं

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस सुट्टीवरून परतले तर त्यांचे मित्र, प्राध्यापक याकोब कोलेच्का वारले होते. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली, जखम चिघळली आणि त्यातच ते गेले.

कोलेच्कांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइस थबकले. बाळंतज्वरानं गेलेल्या बायकांच्या शरीरात जे दिसायचं, तेच इथं दिसत होतं.

मग त्यांना दुवा सापडला. पहिल्या वॉर्डातले डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं फाडायचे आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासायला यायचे. साबणानं वरवर धुतले तरी हातांचा वास जात नसे. दुसऱ्या वॉर्डातल्या सुईणी प्रेतांना हात लावतच नव्हत्या.

म्हणजे मरण हवेतून येत नव्हतं. ते डॉक्टरांच्याच हातांवरून येत होतं.

यातली सगळ्यात जड गोष्ट वेगळीच होती. रोगाचं कारण शोधण्याच्या ध्यासापायी सेमेलवाइस स्वतः रोज सकाळी शवविच्छेदन करायचे आणि मग वॉर्डात जायचे. आपल्याच हातून किती बायका गेल्या असतील याचा हिशेब फक्त देवाला ठाऊक, अशी कबुली पुढं त्यांनी आपल्या पुस्तकात दिली. चूक झाकता आली असती, पण त्यांनी ती लिहून ठेवली.

बादलीभर पाणी

१८४७ च्या मे महिन्यात त्यांनी नियम काढला. वॉर्डात शिरण्याआधी प्रत्येकानं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. आपण जिला ब्लीचिंग पावडर म्हणतो, तीच ही.

एप्रिलमध्ये पहिल्या वॉर्डातले मृत्यू १८ टक्क्यांवर होते. जूनमध्ये ते साधारण सव्वादोन टक्क्यांवर आले, जुलैमध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास. १८४८ च्या मार्च आणि ऑगस्टमध्ये तर पहिल्या वॉर्डात एकही बाळंतीण दगावली नाही.

मग विरोध का झाला?

कारण हे मान्य करायचं तर आजवरच्या मृत्यूंना आपणच जबाबदार होतो, हेही मान्य करावं लागणार होतं. डॉक्टरांचा हात अस्वच्छ असू शकतो, ही कल्पनाच अनेकांना अपमानकारक वाटली.

ज्यांनी हे मान्य केलं, त्यांना ते सोसणंही सोपं नव्हतं. जर्मनीतल्या कील शहरातले डॉक्टर मिखाएलिस यांनी हात धुण्याची पद्धत लगेच सुरू केली. पण आपण तपासलेली आपल्या नात्यातली एक बहीण बाळंतज्वरानं गेली होती, ही टोचणी त्यांना सहन झाली नाही. १८४८ साली त्यांनी आयुष्य संपवलं.

सेमेलवाइस यांचंही चुकलं. स्कोडा, हेब्रा असे व्हिएन्नातले नामवंत डॉक्टर त्यांच्या बाजूनं उभे होते, पण ते स्वतः लिहायला तयार नव्हते. जंतूंचा शोध लागायचा होता, त्यामुळं हे नेमकं कसं घडतं हेही त्यांना सांगता येत नव्हतं. १८४९ साली त्यांची मुदत वाढवून मिळाली नाही. १८५० साली ते कुणालाही न सांगता व्हिएन्ना सोडून पेस्टला परतले.

तिथल्या सेंट रोखुस इस्पितळात त्यांनी पुन्हा तेच करून दाखवलं. सहा वर्षांत ९३३ बाळंतपणं आणि मृत्यू फक्त ८.

सविस्तर पुस्तक आलं ते थेट १८६१ साली, शोधानंतर तब्बल चौदा वर्षांनी. त्यावर टीका झाली, तसा त्यांचा तोल सुटत गेला. युरोपातल्या मोठमोठ्या प्राध्यापकांना त्यांनी जाहीर पत्रांतून खुनी ठरवलं. बायका अजूनही मरतायत ही त्यांची तगमग खरी होती, पण अशा भाषेनं जवळ येऊ शकणारेही दुरावले.

शेवट

हळूहळू त्यांचं वागणं बिघडलं. जुलै १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नातल्या मनोरुग्णालयात नेलं, तेही नवीन दवाखाना बघायला जाऊ असं सांगून. निसटायचा प्रयत्न केला तेव्हा तिथल्या रखवालदारांनी त्यांना मारहाण केल्याचं मानलं जातं. १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले. कारण होतं चिघळलेली जखम आणि रक्तात पसरलेलं विष. ज्या प्रकारच्या आजारापासून बाळंतिणींना वाचवायला ते झगडले, तसाच आजार त्यांना घेऊन गेला.

त्याच ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरायला सुरुवात केली होती. पुढं १८७९ साली लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराचे जंतूच दाखवून दिले आणि सेमेलवाइस बरोबर होते हे जगाला कळलं. आज बुडापेस्टमधलं वैद्यकीय विद्यापीठ त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

हात धुणं हा त्यांचा धडा आता शाळेतली पोरंही गिरवतात. दुसरा धडा मात्र मागं पडतो. पहिला वॉर्ड जीवघेणा आहे हे सगळ्यात आधी ओळखलं होतं ते दारात रडणाऱ्या, गरीब बायकांनी. प्रयोगशाळा त्यांच्याकडे नव्हती, पण कोण घरी परतलं आणि कोण नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शहाण्या डॉक्टरांमधला एक जण त्यांचं ऐकायला थांबला, म्हणून पुढच्या कित्येक जणी वाचल्या.

त्यामुळं लेबर रूममधली एखादी बाई मला भीती वाटतेय, काहीतरी बरोबर नाही असं म्हणाली, तर तिला गप्प करण्याआधी एकदा विचारा, नेमकं काय होतंय?