एकवीस वर्षांच्या पोराचा मास्टर्सचा प्रबंध आणि तुमच्या हातातला फोन

एमटेकच्या तिसऱ्या सेमिस्टरला सगळ्यांच्या डोक्यात एकच भुंगा असतो, प्रोजेक्टला विषय कोणता घ्यायचा. माझे दोन विषय गाईडनी परत पाठवले होते. दोन्ही वेळा कारण एकच, यात नवीन काहीच नाही. तिसरा विषय शोधताना एका रात्री दीडच्या सुमारास एक जुना, टाइपरायटरवर टाइप केलेला प्रबंध समोर आला. तारीख ऑगस्ट १९३७. पीएचडीचा नव्हे, साध्या मास्टर्सचा. सत्तरेक पानं. आधी वाटलं, चाळून झोपू. झोप काही लागली नाही.

तो प्रबंध क्लॉड शॅननचा. त्यात जे लिहिलंय ते तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय त्याच्या प्रोसेसरमध्ये आत्ता, या सेकंदाला, कोट्यवधी वेळा घडतंय. शॅनन पुढे फार मोठा माणूस झाला, त्याला अहोजाहो करायला हवं हे मला कळतं. पण प्रबंध लिहिला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्यातलाच. म्हणून मी अरेतुरेच करणार आहे.

शॅननचा जन्म ३० एप्रिल १९१६ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. तो वाढला गेलॉर्ड नावाच्या छोट्या गावात. वडील व्यवसाय करायचे आणि स्थानिक न्यायाधीशही होते, आई भाषा शिकवायची आणि पुढे तिथल्या हायस्कूलची मुख्याध्यापिका झाली. पोराला मात्र तारा, रेडिओ, मोटारी यांचं वेड. अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राशी बोलायला त्याने शेताच्या काटेरी कुंपणाचीच तार वापरली आणि त्यावर टेलिग्राफ चालवला. नवी वायर आणायला पैसे कुठे होते? जे समोर आहे त्यातूनच भागवायचं, ही सवय त्याला आयुष्यभर राहिली.

१९३२ मध्ये तो मिशिगन विद्यापीठात गेला. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग घ्यायचं की गणित, हे ठरेना. मग त्याने दोन्ही केलं आणि १९३६ मध्ये दोन पदव्या घेऊन बाहेर पडला. आपल्याकडे अशा मुलाला घरचे विचारतील, बाळा, तुला नेमकं करायचंय तरी काय? त्यालाही बहुतेक माहीत नव्हतं. पण तिथेच त्याने तर्कशास्त्राचा एक कोर्स केला होता आणि त्यात त्याची जॉर्ज बूलच्या बीजगणिताशी ओळख झाली होती. ही ओळख पुढे कामाला येणार होती.

बूल हा एकोणिसाव्या शतकातला गणितज्ञ. (त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. हो, भारताच्या सर्वेक्षणाचं काम केलेला आणि ज्याचं नाव शिखराला दिलंय तोच एव्हरेस्ट.) बूलने १८५४ च्या त्याच्या ग्रंथात दाखवलं होतं की माणसाचे तर्कसुद्धा चिन्हांनी, बेरीज-गुणाकारासारखे लिहिता येतात. खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०. शॅननच्या काळात हे प्रामुख्याने तर्कशास्त्रवाले आणि गणितवाले वाचायचे. वायरमन मंडळींशी त्याचा काही संबंध असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

१९३६ मध्ये पुढे काय, हा प्रश्न शॅननपुढेही होता. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर त्याला एक पोस्टकार्ड लावलेलं दिसलं. एमआयटीला एका मशीनवर काम करायला सहाय्यक हवा होता. काम करायचं आणि उरलेल्या वेळात मास्टर्स करायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर कमवा आणि शिका. त्याने अर्ज केला आणि त्याला घेतलं.

ते मशीन म्हणजे व्हॅनिव्हर बुश यांचं डिफरन्शियल अ‍ॅनलायझर. अख्खी खोली भरून लांबच लांब दांडे, गिअर, फिरणाऱ्या चकत्या आणि त्यावर लोळणारी छोटी चाकं. कॅल्क्युलसमधली समीकरणं हे मशीन चक्क चाकं फिरवून सोडवायचं. अडचण एवढीच की नवीन समीकरण आलं की मशीनची जोडणी नव्याने करावी लागायची. शास्त्रज्ञ आपापली समीकरणं घेऊन यायचे आणि शॅनन त्यांच्यासाठी मशीन लावून द्यायचा.

पण त्याचं लक्ष चाकांकडे नव्हतं. मशीनवर नियंत्रण ठेवायला शंभरेक रिलेंचं एक सर्किट होतं, तो त्यातच अडकला. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. आत एक कॉईल असते, तिच्यातून करंट गेला की ती चुंबक बनते, पट्टी ओढते, टक् आवाज येतो आणि दुसरं सर्किट जोडलं जातं किंवा तुटतं. म्हणजे एक स्विच दुसऱ्या स्विचला चालू-बंद करू शकतो. मग १९३७ चा उन्हाळा त्याने न्यूयॉर्कला बेल लॅब्समध्ये काढला. टेलिफोन एक्स्चेंज तर अशा रिलेंवरच चालायची. ती सर्किटं डिझाइन करणारे इंजिनिअर अनुभवावर आणि अंदाजावर काम करायचे. इथे एक रिले लावून बघ, तिथला काढून बघ. हुशार माणूस असेल तर जमायचं, नसेल तर सर्किट फुगत जायचं.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी गंमत इथे आहे.

घराचा मेन स्विच आणि पंख्याचं बटण घ्या. दोन्ही एकामागोमाग एक आहेत. पंखा फिरायला हा आणि तो, दोन्ही चालू लागतात. आता बेलची दोन बटणं घ्या, एक गेटला, एक दाराला. कुठलंही दाबा, बेल वाजते. हे किंवा ते. शॅननच्या लक्षात आलं की हा आणि, हे किंवा म्हणजे बूलचंच बीजगणित आहे. विधान खरं किंवा खोटं, स्विच जोडलेला किंवा तुटलेला, तिसरं काही नाहीच. म्हणजे सर्किटचं समीकरण लिहिता येईल. आणि समीकरण आलं की दहावीच्या बीजगणितासारखं ते सोपं रूपही देता येईल.

साधं उदाहरण बघा. एक सर्किट आहे, त्यात दिवा लागतो तो अ आणि ब चालू असताना, किंवा अ आणि क चालू असताना. जसंच्या तसं बांधलं तर चार संपर्क लागतात, कारण अ दोनदा येतो. पण कागदावर अ कंसाबाहेर काढला की उरतं अ आणि (ब किंवा क). तीनच संपर्क. काम तेच, एक संपर्क वाचला. हेच हजारो रिलेंच्या एक्स्चेंजमध्ये करा आणि किती पैसा वाचेल याचा अंदाज बांधा. शिवाय वायरला हातही न लावता कागदावर सिद्ध करता येतं की दोन्ही सर्किटं सारखीच आहेत.

एवढ्यावरही डिग्री मिळाली असती. पण प्रबंधाच्या शेवटी त्याने काही नमुना सर्किटं दिली आहेत, त्यात विजेवर चालणारं एक कोडचं कुलूप आहे आणि दोनच आकड्यांच्या पद्धतीत, म्हणजे ० आणि १ मध्ये, बेरीज करणारं सर्किट आहे. माझ्या मते खरा स्फोट या बेरजेत आहे. जिन्याचा दिवा आठवा. एक बटण वर, एक खाली. दोन्हींपैकी एकच बदललं की दिवा लागतो, दोन्ही बदलली की विझतो. बायनरीत ० अधिक १ म्हणजे १, आणि १ अधिक १ केलं की त्या जागी ० येतो, हातचा एक पुढे जातो. जिन्याचा दिवा नकळत हीच बेरीज करत असतो! हातच्यासाठी एक आणि वालं सर्किट जोडा, झाला बेरजेचा एक घर. प्रत्येक घरात मागून आलेला हातचाही मिळवायची सोय करा आणि अशी घरं ओळीने लावा, हव्या तेवढ्या मोठ्या संख्यांची बेरीज होते. स्विच नुसता दिवा लावत नाही, तो हिशोब करू शकतो. आज रिलेची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आहे आणि चांगल्या फोनच्या चिपमध्ये ते अब्जावधी असतात, पण त्यांना जोडायचं गणित हेच आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही कल्पना एकट्या शॅननलाच सुचली असं नाही. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा आणि सोव्हिएत रशियात व्हिक्टर शेस्ताकोव्ह हेही स्वतंत्रपणे याच वाटेवर होते. पण जगभर गाजलं ते शॅननचं काम. १९३८ मध्ये ते अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या नियतकालिकात पेपर म्हणून आलं आणि त्याला आल्फ्रेड नोबल पारितोषिक मिळालं. हे स्वीडनचं नोबेल नव्हे बरं का. नोबल नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरच्या नावाचं ते वेगळं बक्षीस आहे. फॉरवर्ड करताना गल्लत करू नका.

आणि गंमत म्हणजे प्रबंध १९३७ चा, पण मास्टर्सची पदवी त्याला मिळाली १९४० मध्ये, पीएचडीसोबतच. पीएचडी कशात? बुश यांनी त्याला अनुवंशशास्त्राकडे वळवलं. जनुकं पिढ्यांमधून कशी जातात याचं बीजगणित त्याने मांडलं, पदवी घेतली आणि तो विषय सोडून दिला. तो प्रबंध त्याने कधी छापायलाही दिला नाही. पीएचडी कपाटात गेली आणि मास्टर्स जगात पसरलं.

१९४१ मध्ये शॅनन बेल लॅब्समध्ये आला. युद्धाचे दिवस होते, काम गुप्त संदेशांचं. १९४३ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग काही दिवस तिथे आला होता आणि दोघं कॅन्टीनमध्ये चहाला भेटायचे. दोघंही गुप्तलिपीत मुरलेले, पण त्या कामाबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायची परवानगी नव्हती. मग गप्पा चालायच्या विचार करणाऱ्या यंत्रांच्या.

१९४८ चा त्याचा पेपर तर तुम्ही रोज वापरता. माहिती मोजायचं एकक म्हणून बिट हा शब्द त्यात छापला गेला (शब्द सुचवला जॉन ट्युकीने, हे शॅननने त्यातच नोंदवलंय). त्यात त्याने सिद्ध केलं की लाईनमध्ये कितीही खरखर असली तरी एका ठरावीक वेगापर्यंत संदेश जवळजवळ बिनचूक पाठवता येतो. फक्त तो कोड हुशारीने करायला हवा. कोड कसा करायचा हे मात्र त्याने सांगितलं नाही, पुढच्या लोकांना शोधत बसावं लागलं. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड कोपऱ्यात फाटला असला तरी स्कॅन होतो तो अशाच चूक-दुरुस्तीच्या कोडमुळे. फाइव्हजीत डेटासाठी वापरतात तो कोड रॉबर्ट गॅलॅगर यांच्या १९६० च्या एमआयटीतल्या प्रबंधातून आलाय. तोही विद्यार्थीदशेतलाच!

नंतरचा शॅनन मला सगळ्यात आवडतो. चक्रव्यूहातून वाट शोधून ती लक्षात ठेवणारा यांत्रिक उंदीर त्याने बनवला. त्याची अक्कल उंदरात नव्हती, जमिनीखालच्या रिलेंमध्ये होती. बायको बेटी स्वतः बेल लॅब्समध्ये गणिताचं काम करायची आणि अशा उद्योगांत ती बरोबर असायची. तो एकचाकी सायकल चालवायचा, चेंडू झेलायचे खेळ करायचा आणि त्याचंही गणित मांडायचा. त्याच्या सिद्धांताची फॅशन झाली, जो तो कुठल्याही विषयाला तो चिकटवू लागला, तेव्हा १९५६ मध्ये त्याने स्वतःच लेख लिहून लोकांना जरा दमाने घ्यायला सांगितलं. आपल्याच नावाचा गाजावाजा आवरायला निघालेला माणूस मी तरी क्वचितच पाहिलाय.

शेवट वाईट झाला. त्याला अल्झायमर झाला. इंटरनेट आणि मोबाईल घराघरांत शिरत होते त्याच वर्षांत माहितीचं गणित मांडणाऱ्या माणसाच्या डोक्यातून माहिती निघून जात होती. २४ फेब्रुवारी २००१ ला तो गेला, ८४ वर्षांचा होता.

माझ्या तिसऱ्या विषयाचं काय झालं? मंजूर झाला. विषय अगदीच साधा होता, पण लॅबमधल्या ज्या मशीनवर मी रोज बसायचो त्याच्याच एका कटकटीतून तो निघाला होता.

शॅननचा प्रबंध एमआयटीच्या डिजिटल संग्रहात फुकट वाचायला मिळतो, फोनवरही उघडतो. वाचायला घ्याल तर शेवटाकडच्या बेरजेच्या सर्किटपासून सुरू करा, मग मागे या. आणि एक सांभाळा, नाहीतर माझ्यासारखा तासभर गोंधळाल. आज आपण सर्किट जोडलेलं असलं की १ म्हणतो. शॅननने उलटं धरलंय. त्याच्याकडे ० म्हणजे जोडलेलं, १ म्हणजे तुटलेलं, कारण तो करंट मोजत नव्हता, करंटच्या वाटेतला अडथळा मोजत होता.