रोगी आणि परिचारिका : नाइटिंगेलबाईंचें चरित्र

आपल्या मंडळीपैकीं कोणी इस्पितळांत पडला असतां त्याच्या भेटीस गेलें म्हणजे दोन तऱ्हेचे रोगी दृष्टीस पडतात. एक नर्सबाईंस भिऊन आपलें दुखणें लपवितो. दुसरा घडोघडीं हांका मारून त्यांस हैराण करितो. दोघेही आपलेंच नुकसान करून घेतात. रोगी आणि परिचारिका ह्यांनीं एकमेकांस कसें साहाय्य करावें, हें फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई आधीं परिचारिका होऊन शिकल्या आणि मग स्वतः रोगी होऊन शिकल्या. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं, एका श्रीमंत इंग्रज कुटुंबांत झाला. गांवाचेंच नांव मुलीस ठेविलें. १८३७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, देव आपणास सेवेसाठीं बोलावीत आहे अशी त्यांची खात्री झाली. परंतु त्या काळीं इंग्लंडांतील इस्पितळांत काम करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित असत, आणि मद्यपानाविषयीं त्यांची दुष्कीर्ति होती. थोर घरच्या मुलीनें असलें काम करावें, हें बाईंच्या आईस व बहिणीस मुळींच रुचेना. अशींच कित्येक वर्षें गेलीं. अखेर १८५१ सालीं जर्मनींतील कैसरस्वर्थ येथें पाळक फ्लीड्नर ह्यांच्या सेविकांच्या संस्थेंत सुमारें तीन महिने राहून त्यांनीं रोग्यांच्या शुश्रूषेचें शिक्षण घेतलें.

१८५३ सालीं लंडनांतील आजारी स्त्रियांच्या एका लहान इस्पितळाची व्यवस्था त्यांजकडे आली. कोणत्याही पंथाच्या वा धर्माच्या रोग्यास तेथें घेतलें पाहिजे, असा त्यांनीं आग्रह धरिला. शिवाय ऊन पाणी नळानें प्रत्येक मजल्यावर यावें, जेवण वर चढविण्याची सोय असावी, आणि रोग्यानें घंटा वाजविली कीं ती कोणीं वाजविली ह्याची खूण परिचारिकेच्या दाराबाहेर उघडी राहावी, अशी व्यवस्था त्यांनीं मागितली. परिचारिकेचा दिवस जिने चढण्याउतरण्यांतच गेला, तर ती रोग्याजवळ केव्हां बसणार, असा त्यांचा विचार होता.

पुढल्याच वर्षीं क्रिमियाच्या युद्धांत जखमी झालेल्या शिपायांचे हाल इंग्लंडांत कळले. ३८ परिचारिका बरोबर घेऊन बाई नोव्हेंबर १८५४ मध्यें तुर्कस्तानांतील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत पोहोंचल्या. तेथील डॉक्टरांस त्यांचें येणें आवडलें नाहीं. बाईंनीं वाद घातला नाहीं. डॉक्टरांनीं बोलाविल्यावांचून कोणीही रोग्यास हात लावूं नये, असा त्यांनीं आपल्या परिचारिकांस नियम घालून दिला. लवकरच जखमींची एवढी गर्दी झाली कीं डॉक्टरांसच त्यांची मदत मागावी लागली. रात्रीं कंदील घेऊन बाई खाटांमधून फिरत, शिपायांची पत्रें लिहून देत, आणि मेलेल्यांच्या घरीं स्वतः पत्र पाठवीत.

तरीही मृत्यु थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्यें शेंकडा चाळिसांहून अधिक रोगी दगावले. इमारतीखालचीं गटारें तुंबलीं होतीं. मार्च महिन्यांत सरकारनें पाठविलेल्या मंडळानें तीं साफ करविलीं, हवा खेळती केली, आणि मृत्यूंची संख्या झपाट्यानें उतरली. स्वदेशीं परतल्यावर आंकडे जुळवून पाहतां बाईंस पुरतें उमजलें कीं, स्वच्छतेवांचून नुसती प्रेमळ शुश्रूषा पुरी पडत नाहीं. हें सत्य त्यांनीं न लपवितां आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढें मांडिलें.

मे १८५५ मध्यें त्यांस स्वतःस कठीण ताप आला होता. १८५७ सालापासून त्यांची प्रकृति इतकी ढासळली कीं पुढील कित्येक वर्षें बहुतेक आपल्या खोलींतच काढावीं लागलीं. शुश्रूषेवरील त्यांचें प्रसिद्ध पुस्तक १८५९ सालचें, म्हणजे ह्या आजारांतलें आहे. दाराबाहेरची कुजबूज रोग्यास फार जाचते. आपण कोठें जातों व केव्हां परत येऊं, हें त्यास सांगून जावें, कारण अनिश्चिततेनें तो श्रमांपेक्षांही अधिक थकतो. झोंप बरी लागली काय, असें मोघम न विचारतां किती तास व केव्हां लागली, असें नेमकें विचारावें. आणि भेटीस येणारांनीं पोकळ आशा व भाराभर सल्ले देऊं नयेत, असा त्यांचा उपदेश आहे.

ह्यावरून रोग्याचें कर्तव्यही सहज कळतें. परिचारिकेनें नेमकें विचारावें, तर रोग्यानें नेमकें व खरें सांगावें. औषध घेतलें नसेल, पथ्य मोडलें असेल, तर तेंही सांगावें. परिचारिका परत येण्याची वेळ सांगून गेली असेल, आणि निकड नसेल, तर तोंवर धीर धरावा. निकड असेल तर मात्र भीड न धरितां हांक मारावी.

१८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत बाईंच्या नांवें परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत. परंतु येथील खेड्यांतील पाणी व स्वच्छता ह्यांविषयीं त्यांनीं पुष्कळ लिहिलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं पत्रव्यवहारही केला. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, ९० वर्षांच्या होऊन, त्या मरण पावल्या. त्यांच्या कबरेवर नांवाचीं आद्याक्षरें आणि जन्ममृत्यूचीं सालें, एवढेंच कोरलें आहे.

उपदेशक बंधूंनो, रोग्याच्या भेटीस जाल तेव्हां खाटेभोंवतीं घोळका करूं नका. प्रार्थना थोडक्यांत करा. आणि निघतांना त्याच्या कानांत एवढें सांगा कीं, नर्सबाई विचारतील तें कांहीं न लपवितां सांग.